हाडाचे खत आणि खताचे हाड

गेल्या महिन्यात एका वाचकाचे पत्र आले. त्यांच्या आईचा न्हाणीघरात पाय घसरला आणि खुबा मोडला. तालुक्याच्या डॉक्टरांनी शहरात पाठवले. तिथे सांधा बदलावा लागेल असे सांगितले गेले आणि दोन-तीन प्रकारचे सांधे दाखवले. त्यातल्या एकावर पांढुरका, खरखरीत लेप होता. "हा हाडाच्याच पदार्थाचा लेप आहे, म्हणून हाड त्याला धरते," असे डॉक्टर म्हणाले. घाईगर्दीत पुढचे काही विचारता आले नाही. म्हणून या वाचकांनी मला विचारले आहे, "साहेब, हा लेप म्हणजे आपण कलमांच्या खड्ड्यात टाकतो ते हाडांचे खतच की काय? आणि ते कोणत्या जनावराचे? आईला माळ आहे, तिला हे चालेल का?"

पत्र वाचून मी थोडा वेळ विचारात पडलो. मी शेतीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण प्रश्नाचा पहिला भाग माझ्या हद्दीतला आहे. हाडाचे खत, सुपर फॉस्फेट, दाताचा पांढरा थर आणि त्या सांध्यावरचा लेप हे सगळे एकाच घरातले भाऊबंद आहेत. त्या घराचे नाव अ‍ॅपेटाइट. चुना आणि स्फुरद यांच्या संयोगातून होणारे हे खनिज. हाडात सापडते त्याला हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट म्हणतात. नाव जिभेला जड आहे, म्हणून आपण त्याला 'हाडाची माती' म्हणू.

आधी हाड म्हणजे काय ते पाहू. आपल्याला हाड म्हणजे दगडासारखी घट्ट, मेलेली वस्तू वाटते. तसे नाही. घरात कोंबडी होत असेल तर तिच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड बाटलीभर व्हिनेगरमध्ये पाच-सहा दिवस बुडवून ठेवा, मधे एकदा व्हिनेगर बदला. बाहेर काढाल तेव्हा ते रबरासारखे वाकेल. आंबटाने त्यातली माती विरघळवून नेली आणि फक्त तंतू उरले. दुसरे हाड चुलीच्या निखाऱ्यात चांगले जळू द्या. ते दिसायला हाडच राहील, पण चिमटीत धरले की भुगा होईल. तिथे तंतू जळाले आणि माती उरली. म्हणजे हाड हे आपल्या मातीच्या भिंतीसारखे आहे. नुसत्या चिखलाची भिंत तडकते, नुसत्या भुश्याची उभीच राहत नाही. चिखलात भुसा तुडवून गारा केला म्हणजे ती भिंत दोन पिढ्या टिकते. हाडात कोलॅजन नावाचे प्रथिनाचे तंतू हा भुसा आणि अ‍ॅपेटाइटचे बारीक कण हा चिखल. वजनाने पाहिले तर हाडाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग ही मातीच असते. दातावरच्या थरात तर ती जवळजवळ सगळीच.

आणि ही भिंत एकदा बांधून संपत नाही. शरीरात हाड खोदणारे आणि हाड लिंपणारे असे दोन प्रकारचे मजूर जन्मभर राबत असतात. खोदणारी पेशी हाडावर आम्ल सोडते, माती विरघळवते. लिंपणारी पेशी तिथे नवा गारा भरते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा नव्याने घातला जातो. वय झाले, विशेषतः बायकांची पाळी गेली, की खोदणारे जोरात आणि लिंपणारे मंद होतात. म्हणून म्हातारपणी नुसत्या घसरण्याने खुबा मोडतो.

आता शेतात या. आम्लाने अ‍ॅपेटाइट विरघळते, ही गोष्ट शेतीशास्त्राने शंभर-दोनशे वर्षांपूर्वी कामाला लावली. इंग्लंडात शेतकरी हाडे भरडून शेतात टाकत असत. काही जमिनीत गुण येई, काही जमिनीत काहीच नाही. जॉन लॉज नावाच्या जमीनदाराने हाडांवर आणि फॉस्फेटच्या खडकावर गंधकाचे आम्ल ओतून पाहिले आणि १८४२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तेच सुपर फॉस्फेट. पुढे हाडे पुरेनाशी झाली आणि सगळा भार खडकावर आला. आपल्याकडे राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला या खडकाची मोठी खाण आहे, मसुरीचा खडकही पूर्वी पोत्यातून आपल्यापर्यंत येई. हा खडकही अ‍ॅपेटाइटच, पण त्यात एक परका पाहुणा बसलेला असतो, फ्लोरीन. त्या पाहुण्याचे नाव लक्षात ठेवा. पुढे तोच आपल्या विहिरीत भेटणार आहे.

कोकणातल्या आंबूस तांबड्या जमिनीत हाडाचे खत किंवा बारीक दळलेला खडक हळूहळू विरघळतो आणि झाडाला लागू पडतो. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत मात्र तो वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. उलट अशा जमिनीत महागाचे सुपर फॉस्फेट जरी फोकून दिले, तरी चुना त्याला धरून पुन्हा जवळपास खडकच करून टाकतो. म्हणून आम्ही घसा कोरडा करून सांगतो की सुपर फोकू नका, पाभरीने बियाण्याजवळ पेरून द्या, शेणखतात मिसळून द्या. असो. तो विषय या सदरात किती वेळा आला याचा मला हिशेब नाही, आणि तरीही जूनमध्ये बांधावरून जाताना फोकणारे हात दिसतातच.

तर जी वस्तू काळ्या जमिनीत विरघळत नाही म्हणून आपण कुरकुरतो, तीच वस्तू डॉक्टरांना विरघळत नाही म्हणूनच हवी असते. शरीर परक्या वस्तूला सहसा आपले म्हणत नाही. काटा मोडला तर भोवती पू धरते. लोखंडाचा तुकडा राहिला तर त्याच्याभोवती वेगळे आवरण तयार होते. खुब्यात धातूचा दांडा ठोकला तर हाड आणि धातू शेजारी-शेजारी राहतात, एकजीव होत नाहीत. मग चालताना दांडा सूक्ष्म हलतो आणि खिळखिळ्या मेखेसारखा हळूहळू सैल होतो.

इंग्लंडात जॉन चार्नली या शल्यविशारदाने त्याला एक उपाय वापरला. दांडा आणि हाड यांच्या फटीत अ‍ॅक्रिलिकचे सिमेंट भरायचे. हे आपले घर बांधायचे सिमेंट नव्हे, प्लॅस्टिकच्या जातीचे. वाटीसाठी त्यांनी आधी टेफ्लॉन वापरले होते. ते काही वर्षांतच झिजले आणि रुग्णांचे सांधे पुन्हा उघडावे लागले. मग १९६२ पासून त्यांनी घट्ट जातीचे पॉलिथिन वापरले आणि ते टिकले. आजही जगात खुबे बदलले जातात ते बरेचसे त्याच बांधणीचे.

लेपाची कल्पना त्यानंतरची, १९८५-८६ च्या सुमारास युरोपात माणसांवर सुरू झालेली. तिचा विचार सरळ आहे. सिमेंटने चिकटवण्याऐवजी दांड्याला हाडाच्या मातीचाच लेप द्या. लिंपणाऱ्या पेशींना तो परका वाटत नाही. त्या थेट त्याच्यावरच नवा गारा चढवू लागतात, आणि काही आठवड्यांत हाड दांड्याला येऊन भिडते. लेप देण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. विजेच्या ठिणगीतून वायू सोडून एक ज्वाळा करतात. तिच्या गाभ्याचे तापमान दहा हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त. त्या ज्वाळेत अ‍ॅपेटाइटची पूड फवारतात. कण क्षणभरच ज्वाळेत राहतो, वरून वितळतो आणि टिटॅनियमच्या दांड्यावर चपटा होऊन बसतो. थर केसाच्या जाडीएवढा किंवा त्याच्या दुपटीएवढा. यापेक्षा जाड दिला तर पोपड्यासारखा सुटतो. घराला गिलावा करणाऱ्या गवंड्याला हे वेगळे सांगायला नको.

पत्रलेखकांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे येते. सांध्यावरच्या लेपाची ही पूड कारखान्यात चुना आणि फॉस्फोरिक आम्लासारख्या रसायनांपासून तयार केलेली असते, तिचा जनावराशी संबंध नसतो. हाडातली पोकळी भरण्यासाठी जे दाणे वापरतात, ते मात्र काही वेळा खरोखरच गुरांच्या हाडांपासून केलेले असतात. कोणाला त्याविषयी हरकत असेल तर ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. विचारण्यात संकोच कसला? बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल आपण वाचतो, तसेच हे.

पण एक गोष्ट जपून सांगतो. लेपाचा सांधा नवा आणि महाग, म्हणून तो सगळ्यांनाच चांगला असे नाही. लेपावर हाड चढायचे तर मुळात हाडात दम हवा. सत्तरी-ऐंशीच्या आजीचे हाड ठिसूळ झालेले असेल तर बरेच जाणते डॉक्टर अजूनही सिमेंटचाच सांधा पसंत करतात, कारण तो पहिल्या दिवसापासून पक्का बसतो आणि आजीला लवकर उभे करता येते. म्हातारे माणूस अंथरुणात जितके जास्त दिवस राहील तितका धोका जास्त. तेव्हा "सर्वांत भारी बसवा, पैशाकडे बघू नका" असे म्हणून शेत गहाण टाकण्यापूर्वी, "आमच्या आईच्या हाडाला कोणता योग्य आणि का?" हा प्रश्न विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. आपला आजार आणि ऑपरेशन योजनेत बसते की नाही हे आधी त्याच्याकडून समजून घ्या, रेशन कार्ड आणि आधार बरोबर न्या.

सांध्याचा वरचा गोळा कधी धातूचा असतो, कधी चिनी मातीच्या जातीचा. चिनी माती म्हणजे कपबशीची नव्हे, पण गोत्र तेच. भट्टीत भाजून घट्ट केलेली. पिएर बुतँ या फ्रेंच डॉक्टरांनी १९७० मध्ये अ‍ॅल्युमिना वापरून असा सांधा पहिल्याने बसवला. अ‍ॅल्युमिना ज्या बॉक्साइटपासून करतात, ते आपल्या कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड भागातल्या डोंगरमाथ्यावरही सापडते. हा गोळा इतका गुळगुळीत आणि कठीण की झीज नावाला होते. बैलगाडीच्या तुंब्यात वंगण कमी पडले की आख कसा खातो हे ज्याने पाहिले आहे, त्याला झिजेचे महत्त्व कळेल. सांध्यातला झिजलेला बारीक चुरा भोवतालच्या हाडाला पोखरतो, म्हणून एवढी धडपड.

मात्र भाजलेल्या मातीचा जुना दोष तिच्यातही आहे. ती झिजत नाही, पण फुटते. यातला एक प्रकार झिरकोनियाचा, तो अ‍ॅल्युमिनापेक्षा चिवट म्हणून नावाजलेला. फ्रान्समधल्या एका मोठ्या कारखान्याने १९९८ च्या सुमारास भाजण्याची पद्धत बदलली. पूर्वी एकेक घाणा भट्टीत लावत, तो सोडून लांबलचक बोगद्यासारखी सतत चालणारी भट्टी आणली. माल तोच, कारागीर तेच. पण त्या भट्टीतून निघालेल्या काही घाण्यांतले गोळे माणसांच्या खुब्यात असताना फुटू लागले आणि २००१ मध्ये माल परत मागवावा लागला. आपल्या वीटभट्टीवाल्याला हे ऐकवा, तो मान डोलावेल. एका बाजूची वीट कच्ची, दुसऱ्या बाजूची खंगर, आणि दोन्ही गाडीत सारख्याच दिसतात. बदलल्या भट्टीचा पहिला माल लगेच भिंतीत घालू नये, थोडा पारखावा, हे त्याला कळते. इथे ती भिंत जिवंत माणसाची होती.

आपल्या देशातला एक किस्सा याच जातीचा आहे, आणि तो मला फार आवडतो. केरळात तिरुवनंतपुरमला श्री चित्रा तिरुनाल संस्था आहे. परदेशी हृदयाची झडप गरिबाला परवडत नाही म्हणून डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी झडप करायला घेतली. झडपेत एक चकती असते, ती हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला उघडते आणि मिटते. दिवसाला लाखभर वेळा. एवढ्या उघडझापीला टिकावी म्हणून त्यांनी एका नमुन्यात नीलमाची चकती घातली. कारखान्यात वाढवलेला नीलम, म्हणजे पुन्हा अ‍ॅल्युमिनाच. प्राण्यांवरच्या चाचणीत तिचा टिकाव लागला नाही. शेवटी पॉलिथिनच्या एका अतिघट्ट जातीची चकती टिकली. डिसेंबर १९९० मध्ये ती झडप पहिल्यांदा माणसाला बसवली गेली आणि त्यानंतर लाखाहून अधिक झडपा वापरल्या गेल्या. नीलम हरला आणि प्लॅस्टिक जिंकले.

आता समुद्राकडे थोडे वळतो. कोकणातले वाचक तक्रार करतात की सदरात नेहमी ऊस आणि कापूसच असतो. कोळंबी सोलली की जी टरफले उरतात, त्यांचा वास सांगायची गरज नाही. त्या टरफलात कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो. तोच किड्याच्या पाठीवर, भुंग्याच्या पंखावर आणि अळंबीतही असतो. खरे तर १८११ मध्ये तो पहिल्यांदा सापडला तो अळंबीतच. टरफले सौम्य आम्लात बुडवून चुना काढतात, कॉस्टिक सोड्याने प्रथिने काढतात आणि उरलेले कडक सोड्यात तापवले की कायटोसॅन मिळते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ही रीत आपल्याकडे बसवली. कायटोसॅनच्या अंगी धन विद्युतभार असतो, आणि रक्तातल्या तांबड्या पेशींवर ऋण. दोघे एकमेकांना ओढतात आणि जखमेवर चिखलासारखी घट्ट गोळी होऊन रक्त थांबते. अमेरिकी सैन्याने २००३ पासून अशा पट्ट्या वापरल्या, आता त्या भारतातही तयार होतात. गढूळ पाण्यातली मातीही याच ओढीने खाली बसते.

बाजारात कायटोसॅनच्या नावाची फवारणीची औषधेही आली आहेत. काही प्रयोगांत रोपाची रोगाशी झुंजण्याची ताकद वाढल्याचे दिसले आहे, हे खरे. पण "एका फवारणीत सर्व रोग बंद" असे सांगणारा विक्रेता भेटला तर आधी दोन ओळींवर मारून पाहा, दोन ओळी सोडा. घरात विळा-कोयता लागला आणि पट्टी नसली तर स्वच्छ फडके जखमेवर ठेवून दहा मिनिटे न उचलता दाबून धरा. चहाची पूड, चुना, माती यांतले काही भरू नका. कोयत्याचा घाव खोल असेल तर दाबलेला हात न काढता दवाखाना गाठा.

आता त्या पाहुण्याकडे, फ्लोरीनकडे परत येऊ. खरे सांगायचे तर या पत्राचे निमित्त मी त्याच्यासाठीच धरले. हजारात एकाला खुबा बदलावा लागेल, पण विहिरीचे पाणी प्रत्येकाच्या घरात आहे.

हाडाच्या मातीत ज्या जागी पाण्याचा अंश बसलेला असतो, नेमक्या त्या जागी फ्लोराइड चपखल बसते. एकदा बसले की सहज उठत नाही. अगदी थोडे असेल तर दाताचा थर जरा घट्ट होतो, म्हणूनच टूथपेस्टमध्ये ते घालतात. पण पाण्यातून रोज जास्त येऊ लागले की लहानपणी तयार होणारे दात खडूसारखे पांढरे, मग पिवळे-तपकिरी पट्ट्यांचे होतात. पुढे ते हाडात साठते. हाड जड आणि दाट होते, पण त्यातला चिवटपणा जातो. सांध्याभोवतीचे बंध चुनखडीसारखे कडक होतात. मान वळत नाही, पाठ वाकते, उकिडवे बसता येत नाही. गावात त्याला 'वात' म्हणतात आणि तेले चोळतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हे पाणी आहे, इतरत्रही तुरळक आहे. आपल्या देशात या रोगाची पहिली नोंद झाली ती १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातल्या नेल्लोरची. आणि त्याच्याही आधी तिथल्या शेतकऱ्यांच्या लक्षात आले होते की आपले बैल औताला चालेनासे झाले आहेत, सांध्यात आखडले आहेत.

पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, अशी भारतीय मानक ब्यूरोची मर्यादा आहे. हे चवीला कळत नाही, वासाला कळत नाही, रंगाला कळत नाही. पाणी आरशासारखे स्वच्छ असते. आणि कठीण खडकात जितके खोल जावे तितके ते वाढण्याची शक्यता जास्त. उथळ आडाचे पाणी बहुधा बरे, दोनशे-तीनशे फुटांच्या बोअरचे अनेकदा वाईट. दुष्काळात आड आटला म्हणून बोअर घेतली, आणि त्यानंतर जन्मलेल्या पोरांचे दात पट्ट्यांचे निघाले, असे घडलेले मी पाहिले आहे.

पाणी उकळून हे जात नाही. उलट वाफ गेली की उरलेल्या पाण्यात ते दाट होते. मातीच्या कॅन्डलच्या फिल्टरनेही जात नाही. त्याची बारीक छिद्रे जंतू अडवतात, विरघळलेली वस्तू अडवत नाहीत. आयांनो, बाळाच्या दुधाचे किंवा पेजेचे पाणी उकळून घेता ते जंतूंसाठी योग्यच आहे, पण गावात फ्लोराइड असेल तर तेवढ्यावर निर्धास्त राहू नका.

काढायचे कसे, तर इथे पुन्हा आपली हाडाची मातीच उपयोगी पडते. फ्लोराइडला जर हाडात बसायची एवढी हौस, तर त्याला शरीराबाहेरच हाड दाखवावे. केनियाच्या नाकुरू भागात जनावरांची हाडे कमी हवेत, चारशे-पाचशे अंशांवर भाजून त्यांचा कोळसा करतात आणि त्यातून पाणी गाळतात. फ्लोराइड त्या हाडाला धरून बसते. रीत स्वस्त आहे, पण आपल्याकडे हाडातून गाळलेले पाणी किती घरांत पितील, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यावर कारखान्यात केलेल्या अ‍ॅपेटाइटच्या गाळण्या हा पर्याय आहे. दुसरा पर्याय अ‍ॅल्युमिनाचा. बॉक्साइटपासूनचाच, पण हलका भाजून सच्छिद्र ठेवलेला दाणा. कानपूरच्या आयआयटीने युनिसेफच्या मदतीने घरगुती गाळण्या केल्या त्या याच दाण्याच्या. दाणा भरला की सोडा आणि आम्लाने धुवून पुन्हा वापरावा लागतो, आणि घोडे तिथेच अडते. यंत्र बसते, उद्घाटन होते, नारळ फुटतो, आणि सहा महिन्यांनी दाणा धुणारा कोणी नसतो. गाळणी मात्र चालूच असते, पाणीही येत असते, फक्त फ्लोराइड निघत नसते. बंद पडलेल्या यंत्रापेक्षा हे वाईट, कारण बंद यंत्र निदान दिसते तरी.

नागपूरच्या नीरी या संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी आणि चुना यांची 'नलगोंडा पद्धत' काढली. दोन्ही ठरलेल्या मापाने टाकायचे, ढवळायचे, तासभर निवळू द्यायचे, वरचे पाणी काढून घ्यायचे. साधी आणि स्वस्त. पण माप हे तुमच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि पाण्याच्या खारेपणावर ठरते. शेजारच्या गावचे माप आपल्या गावाला चालत नाही. अंदाजाने तुरटी टाकली तर फ्लोराइड राहतेच आणि वर तुरटीतले अ‍ॅल्युमिनियम पोटात जाते. खाली बसलेला गाळ गुरांच्या वाटेत टाकू नका. पावसाचे पाणी टाकीत साठवता आले तर त्याच्याइतके सोपे दुसरे काही नाही, निदान पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यापुरते तरी. सोबत दूध, नाचणी, तीळ, आवळा पोरांच्या पोटात जाऊ द्या. चुना आणि क जीवनसत्त्व कमी पडलेल्या शरीरात हा पाहुणा लवकर ठाण मांडतो.

आता गावोगाव आर. ओ. ची यंत्रे आली आहेत, पाच-दहा रुपयांत जारभर पाणी मिळते. ते यंत्र फ्लोराइड काढते हे खरे. पण काढलेले फ्लोराइड नाहीसे होत नाही, सोडून दिलेल्या पाण्यात ते आणखी दाट होऊन बाहेर पडते. ते पाणी फुकट जाते म्हणून कित्येक ठिकाणी हौदात सोडून गुरांना पाजतात. कृपा करून हे थांबवा. गुरांचे दात झिजतात, चारा चावता येत नाही, पुढचे पाय लंगडतात, आणि आपण खुरकूत समजून औषध देत बसतो. गुरांच्या क्षार मिश्रणातही हीच काळजी हवी. स्वस्त पोत्यात दळलेला फॉस्फेटचा खडक मिसळलेला असेल तर त्यातून फ्लोरीन सरळ पोटात जाते. मिश्रण भारतीय मानकाचे चिन्ह पाहून, बिल घेऊन घ्या. आणि स्फुरद कमी पडल्याने उकिरड्यावरची हाडे चघळणारी गाय दिसली तर तिला हाकलून गप्प बसू नका. अशा हाडांतून जीवघेणी विषबाधा होते. तिला क्षार मिश्रण सुरू करा, पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

पाणी तपासायचे तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून मिळते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला किंवा गावच्या जलसुरक्षकाला सांगून ग्रामपंचायतीमार्फत नमुना पाठवता येतो. नमुना काचेच्या बाटलीत घेऊ नका, फ्लोराइड काचेलाही सोडत नाही. लिटरभराची प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. बोअरचे पाणी पाच मिनिटे उपसून सोडून द्या, मग बाटली काठोकाठ भरा. वर चिकटपट्टीवर गावाचे नाव, स्रोत कोणता, खोली किती फूट आणि तारीख लिहा. चाचणी कोणती हवी ते 'फ्लोराइड' असे स्पष्ट लिहा, नाहीतर नुसती जंतूंची तपासणी होऊन 'पिण्यास योग्य' असा शेरा येतो. एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा एप्रिल-मेमध्ये, असे दोन नमुने द्या. उन्हाळ्यातला आकडा बहुधा वेगळा निघतो.